गांवाचें तें कोणाचें ?

जें सर्वांचें तें कोणाचेंच नव्हे, हें वाक्य आपण इतक्या सहजपणें बोलून जातों कीं, त्यांत एक मोठें नैतिक मत दडून बसलें आहे याची आपणांस जाणीवहि नसते. सार्वजनिक आडांत केरकचरा पडला, चावडीचीं कौलें नाहींशीं झालीं, ओढ्याच्या कांठचीं झाडें एका रात्रींत तुटलीं, कीं मान हलवून आपण हें वाक्य उच्चारतों आणि आपल्या अंगणाचें फाटक लावून घेतों. या वाक्याचा अर्थ असा कीं, मनुष्य जपतो तें फक्त स्वतःचें. 'माझें' या शब्दाच्या कुंपणाबाहेर जें म्हणून आहे त्याची नासाडी होणें हा सृष्टिक्रमच होय. हें खरें असेल तर गांवानें कांहीं सामाईक राखावें हा विचारच व्यर्थ ठरतो. मग गायरान वांटून टाकावें, तळें मक्त्यानें द्यावें, माळ विकावा, आणि ज्याचें त्यानें पाहावें. परंतु हें खरें आहे काय ?

जुळे सोलापुरांत बसून हा प्रश्न विचारण्यास एक विशेष औचित्य आहे. विजापूर रस्त्याच्या बाजूनें पसरलेली ही वस्ती आज बंगले, सदनिका, शाळा आणि दवाखाने यांनीं गजबजलेली आहे. नांवाप्रमाणेंच ती मूळ शहराचें जुळें भावंड होऊन बसली आहे. परंतु शहराच्या या कडेला महानगरपालिकेची सत्ता पोंचली ती १९९२ च्या हद्दवाढीनें. मजरेवाडी, सोरेगांव यांसारख्या गांवांचा कारभार तोंवर त्यांच्या त्यांच्या ग्रामपंचायती पाहात. हद्दवाढीबरोबर त्या पंचायती गेल्या, आणि पंचायतींबरोबर ग्रामसभाहि गेली. रस्ते, दिवे, नळ यांची गणती केली तर या बदलांत लाभच झाला असें कोणीहि म्हणेल, आणि आम्हीहि म्हणतों. मात्र एक गोष्ट त्यांत नकळत हरवली. 'हा माळ कोणीं आणि कसा वापरावा ?' असें चारचौघांत उभें राहून विचारण्याची जागा नाहींशी झाली. पूर्वीं ती जागा चांगली चालत होती असें आमचें म्हणणें नाहीं. पुष्कळदां ती वाईटच चालत असेल. परंतु ती होती.

आपल्या देशावरील गांवाच्या जुन्या मांडणींत पांढरी आणि काळी असे दोन भाग प्रसिद्ध आहेत. पांढरी म्हणजे वस्तीची जमीन, काळी म्हणजे पिकाची. पण या दोहोंखेरीज गांवाला तिसरेंहि एक अंग असे : गुरांचें गायरान, ओढा, तळें, मसणवटा, देवाच्या नांवानें राखलेली झाडी. या तिसऱ्या अंगास रंगाचें नांव नाहीं, ही गोष्ट लक्षांत घेण्यासारखी आहे. जें एकेकाचें तें भाषेनें नीट ओळखलें; जें सर्वांचें तें ओळखण्यास तिला शब्द अपुरा पडला, आणि महसुली कागदांत तर 'पडीक' हा एकच शब्द पुष्कळ गोष्टींना पुरला.

१९६८ सालीं गॅरेट हार्डिन नांवाच्या अमेरिकन जीवशास्त्रज्ञानें या विषयावर एक निबंध लिहिला, आणि तो जगभर गाजला. त्याचा मुद्दा थोडक्यांत असा : एका कुरणावर अनेक गुराखी आपलीं गुरें चारतात. प्रत्येकजण असा हिशेब करतो कीं, मीं आणखी एक गाय सोडली तर तिचें दूध माझें, आणि कुरणाची झीज मात्र सर्वांत वांटली जाणार. असा हिशेब सर्वांनींच केला म्हणजे कुरण संपतें. म्हणून कुरण एक तर खासगी करा, नाहीं तर सरकारच्या ताब्यांत द्या, तिसरी वाट नाहीं. हा युक्तिवाद ऐकतांना बिनतोड वाटतो. परंतु त्यांत एक विलक्षण गोष्ट आहे. त्या कुरणावरचे गुराखी एकमेकांशीं बोलतच नाहींत ! ते रोज शेजारीं शेजारीं गुरें चारतात, आणि कुरण उजाड होत चाललें आहे हें प्रत्येकजण पाहातो, तरी 'अरे, हें काय चाललें आहे ?' असें त्यांतला एकहि दुसऱ्यास विचारीत नाहीं. असे मुके गुराखी आमच्या तरी पाहाण्यांत नाहींत.

एलिनॉर ऑस्ट्रॉम या विदुषीनें नेमका हाच दोष दाखविला. स्वित्झर्लंडच्या डोंगरांतील कुरणें, जपानमधील खेड्यांचीं राखीव रानें, स्पेनमधील व्हॅलेन्सियाचे कालवे अशीं जुनीं उदाहरणें तपासून तिनें १९९० सालच्या आपल्या ग्रंथांत सिद्ध केलें कीं, माणसें शतकानुशतकें सामाईक वस्तु राखूं शकतात. मात्र त्यासाठीं नियम त्यांचे स्वतःचे हवेत, राखणदार त्यांना जबाबदार हवा, आणि चुकणाऱ्यास प्रथम लहान व पुढें मोठा असा दंड हवा. २००९ सालीं तिला अर्थशास्त्राचें नोबेल पारितोषिक मिळालें. यासाठीं स्वित्झर्लंडलाच जावयास पाहिजे असें नाहीं. आपल्या धुळें व नाशिक जिल्ह्यांत पांझरा आणि मोसम या नद्यांवर फड पद्धति फार पूर्वींपासून चालत आली. नदीवर बंधारा, बंधाऱ्याखालीं शेतांचे फड, एका फडांत सर्वांनीं एकच पीक घ्यावयाचें, आणि पाणी सोडणारा पाटकरी सर्वांचा मिळून नेमलेला. एकाच फडांत एकानें ऊंस आणि शेजाऱ्यानें ज्वारी घेतली तर पाण्याचा तंटा अटळ. म्हणून पीकच सामाईक केलें. हार्डिनच्या गुराख्यांना जें सुचलें नाहीं तें पांझरेकांठच्या कुणब्यांना सुचलें होतें.

तेव्हां पहिला भेद हा कीं, बेवारशी वस्तु निराळी आणि सामाईक वस्तु निराळी. जिच्यावर कोणाचाच नियम चालत नाहीं ती बेवारशी. जिच्यावर सर्वांचा मिळून नियम चालतो ती सामाईक. आपल्याकडे झालें तें असें कीं, सामाईक वस्तूची बेवारशी वस्तु बनली, आणि पुढें ती बेवारशी असल्याबद्दल गांवकऱ्यांनाच दोष देण्यांत आला.

ही घडामोड कशी झाली हें सोलापूरच्या शेजारींच पाहावयास मिळतें. १८३६ च्या सुमारास इंदापूर तालुक्यांत गोल्डस्मिड आणि विंगेट या इंग्रज अधिकाऱ्यांनीं जमिनीची जी मोजणी सुरू केली ती पुढें सर्व मुंबई इलाख्याचा नमुना झाली. प्रत्येक शेतास क्रमांक मिळाला, प्रत्येक क्रमांकास खातेदार मिळाला, आणि सरकारचा संबंध थेट त्या खातेदाराशीं जडला. शेतकऱ्यास यांत पुष्कळ सुरक्षितता लाभली हें नाकारतां येत नाहीं. परंतु ज्या जमिनीस खातेदार नव्हता तिचें काय ? ती सरकारची झाली. स्वातंत्र्यानंतर १९६६ सालच्या महाराष्ट्र जमीन महसूल संहितेनेंहि हेंच तत्त्व कायम ठेविलें. गायरानाच्या सातबाऱ्यावर मालक म्हणून आजहि सरकारचें नांव असतें. गांवास मिळतो तो गुरें चारण्याचा उपयोग. म्हणजे वापर गांवाचा, मालकी मुंबईची, आणि निगा कोणाचीच नाहीं. ज्याच्या हातीं 'नको' म्हणण्याचा अधिकार नाहीं त्याच्यावर राखण्याची जबाबदारीहि फार काळ टिकत नाहीं. मनुष्यस्वभावास धरूनच हें झालें. ७३ व्या घटनादुरुस्तीनें १९९३ पासून पंचायतींना घटनेंत स्थान मिळालें, अकराव्या परिशिष्टांतील २९ विषयांत पाणलोट, सामाजिक वनीकरण, जळण व वैरण, सामाईक मालमत्तेची देखभाल हे सर्व आले. परंतु परिशिष्टांत विषय येणें आणि हातांत अधिकार येणें यांतील अंतर फार मोठें आहे.

येथवरचें विवेचन कोणाहि ग्रामभक्ताला गोड वाटेल. इंग्रजांनीं गांव मोडलें, गांवाला गांवाचें परत द्या, कीं सर्व ठीक होईल, असें म्हणून लेख येथेंच संपवितां आला असता. परंतु खरा प्रश्न येथून पुढेंच सुरू होतो. 'गांवाचें गांवास द्या' हें म्हणणें सोपें. पण गांव म्हणजे कोण?

चार्ल्स मेटकाफनें १८३० सालच्या एका टिपणांत हिंदी खेड्यांना लहान लहान प्रजासत्ताकें म्हटलें, आणि तेव्हांपासून त्या वर्णनाची आपणांस भुरळ पडली. गांधीजींच्या ग्रामस्वराज्याच्या कल्पनेंत या स्तुतीला आदर्शाचें रूप आलें. ४ नोव्हेंबर १९४८ रोजीं घटनेचा मसुदा मांडतांना डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनीं या सर्व स्तुतिपाठावर कठोर प्रहार केला. खेडें हें संकुचितपणाचें, अज्ञानाचें आणि जातीयतेचें आगर आहे, आणि मसुद्यानें खेडें टाकून व्यक्ति हें एकक धरलें याचा आपणांस आनंद वाटतो, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय होता. पुष्कळांना हे शब्द झोंबले, आणि त्याच महिन्यांत ग्रामपंचायतींविषयींचें कलम घटनेंत घालण्याचें ठरलें. तेंच आजचें ४० वें कलम. परंतु आंबेडकरांचे शब्द ज्या अनुभवांतून आले होते तो अनुभव कलमानें पुसला जात नाहीं.

महाडचें चवदार तळें आठवावें. १९२३ सालीं रावबहादूर बोले यांच्या ठरावानें मुंबई कायदेकौन्सिलानें सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले केले. १९२४ सालीं महाडच्या नगरपालिकेनें तो ठराव आपलासा केला. तरी तळ्याचें पाणी जनावरांना मिळे, परधर्मीयांना मिळे, आणि अस्पृश्यांना मात्र मिळत नसे. २० मार्च १९२७ रोजीं बाबासाहेब व त्यांचे सहस्रावधि अनुयायी तळ्यावर गेले आणि पाणी प्याले. त्यानंतर जो दिवाणी दावा लागला त्यांतील एक मुद्दा आमच्या प्रश्नाच्या दृष्टीनें फार बोलका आहे. तळें सार्वजनिक नाहींच, तें स्पृश्यांचें खासगी आहे, असें वादींचें म्हणणें होतें ! जोंवर वांटेकरी आपल्यांतले तोंवर तळें गांवाचें. नवा वांटेकरी दारांत उभा राहातांच तें खासगी. १९३७ सालीं मुंबईच्या उच्च न्यायालयानें हें म्हणणें फेटाळलें. महाड हें खेडें नव्हे, नगर होतें, हें खरें. पण हा न्याय खेड्यांत कांहीं निराळा नव्हता.

म्हणून सामाईक वस्तूची व्याख्या नुसती 'सर्वांच्या नियमानें चालणारी' एवढी पुरत नाहीं. त्या 'सर्वांत' कोणाचा समावेश आहे हें पाहिलें पाहिजे. नाहीं तर सामाईकपणा म्हणजे मोठ्या संख्येची खासगी मालकीच होय, दुसरें कांहीं नाहीं.

आतां गायरानाच्या प्रश्नाकडे येऊं; कारण आपल्या काळांत हा तिढा सर्वांत तीव्रपणें तेथेंच दिसतो. २८ जानेवारी २०११ रोजीं सर्वोच्च न्यायालयानें जगपाल सिंग विरुद्ध पंजाब राज्य या खटल्यांत निकाल दिला. पतियाळा जिल्ह्यांतील एका गांवच्या तळ्याची जमीन कांहीं मंडळींनीं भरून तीवर घरें बांधलीं होतीं. न्यायालयानें त्यांना हटविण्यास सांगितलें, आणि देशांतील सर्व राज्यांनीं गांवच्या सामाईक जमिनी मोकळ्या करून ग्रामसभेच्या स्वाधीन कराव्या असा आदेश दिला. महाराष्ट्र शासनानें त्याच वर्षीं १२ जुलै रोजीं त्यास अनुसरून निर्णय काढला. २०२२ सालीं मुंबई उच्च न्यायालयानें राज्यांतील गायरानांवरील अतिक्रमणांची दखल घेतली, तेव्हां त्यांची संख्या दोन लाखांहून अधिक असल्याचें पुढें आलें. घरोघर नोटिसा गेल्या, आणि खेडोपाडीं एकच हलकल्लोळ उडाला.

न्यायालयाच्या निकालानें पर्यावरणप्रेमी माणसाला आनंद व्हावा हें योग्यच होतें. परंतु गायरानावर बसलेला हा 'अतिक्रमक' कोण आहे ? कित्येक ठिकाणीं तो गांवचा धनदांडगा आहे, ज्यानें आपल्या शेताचा बांध वर्षाकांठीं चार हात पुढें सरकवीत नेला. कित्येक ठिकाणीं ती एखादी संस्था आहे. आणि कित्येक ठिकाणीं तो भूमिहीन आहे, ज्याला काळींत कधीं एक गुंठाहि मिळाला नाहीं आणि पांढरींत ज्याचें घर वेशीबाहेर होतें. १९५९ सालीं कर्मवीर दादासाहेब गायकवाड यांच्या नेतृत्वाखालीं भूमिहीनांनीं जो सत्याग्रह केला, आणि १९६४ सालीं जो देशभर पसरला, त्याची एक मुख्य मागणी हीच होती कीं, सरकारी पडीक जमीन कसणाऱ्यास द्या. १९९१ सालीं महाराष्ट्र शासनानें मागासवर्गीय भूमिहीनांनीं १४ एप्रिल १९९० पर्यंत शेतीसाठीं केलेलीं अतिक्रमणें नियमित करण्याचें ठरविलें. ती तारीख बाबासाहेबांच्या जन्मशताब्दीच्या वर्षाची आहे, ही गोष्ट नुसती योगायोगाची नसावी. जगपाल सिंग प्रकरणांतील निकालानेंहि भूमिहीन, अनुसूचित जाति व जमाति यांना शासनानें दिलेले पट्टे अपवाद म्हणून मान्य केले आहेत. पण नोटीस काढणाऱ्या कचेरीला अपवादापेक्षां नियम अधिक आवडतो.

आतां नीतीचा निवाडा कसा करावयाचा ? गायरान गुरांचें आहे. गुरें गांवाची आहेत. म्हणून भूमिहीनानें तेथें नांगर घालूं नये, हा एक पक्ष. ज्या गांवानें मला आपल्यांत कधीं धरलेंच नाहीं त्या गांवाच्या सामाईकपणाचा बोजा मीं कां वाहावा, हा दुसरा पक्ष. पहिल्या पक्षाजवळ निसर्गाचें बळ आहे. माळ हा पडीक नाहीं. सोलापूरजवळच्या नान्नजच्या माळावर माळढोक पक्ष्यासाठीं १९७९ सालीं अभयारण्य करावें लागलें. त्या गवतावर लांडगे, काळवीट आणि धनगरांचीं मेंढरें यांचा शतकानुशतकें निर्वाह झाला. गवत गेलें कीं पुन्हां आणतां येत नाहीं. माळढोक तेथें आतां जवळजवळ दिसेनासाच झाला आहे. परंतु दुसऱ्या पक्षाजवळ न्यायाचें बळ आहे, आणि आमच्या मतें तें अधिक जड आहे. कारण नियम पाळण्याचें कर्तव्य नियम करण्याच्या हक्कांतूनच उत्पन्न होतें. ज्याला सभेंत बसूं दिलें नाहीं त्याच्यावर सभेचा निर्णय लादणें ही सक्ति होय; ती पुष्कळदां आवश्यक असेल, पण तिला सामाईकपणाचें सोज्ज्वळ नांव देऊं नये.

अर्थात् भूमिहीनाला गायरान वांटून दिलें म्हणजे प्रश्न सुटला असेंहि नाहीं. त्याच भूमिहीनाच्या शेजारणीची शेळी त्याच गायरानावर चरत असते. गायरान सरल्यावर धनिकाची गाय गोठ्यांत पेंड खाईल. शेळी कोठें जाईल? म्हणजे येथें धनिक विरुद्ध दरिद्री एवढाच झगडा नसून एका दरिद्र्याचा दुसऱ्या दरिद्र्याशीं आहे, आणि तो न्यायालयाच्या निकालानें किंवा शासकीय निर्णयानें सुटणारा नाहीं. तो त्या दोघांना ओळखणाऱ्या सभेंतच सुटूं शकतो, तीहि सभा तशी असेल तर. शिवाय अलीकडे सौरविजेच्या योजनांसाठीं सरकारी व गायरान जमिनी देण्यांत येत आहेत. विजेची गरज आहेच. पण शेळी आणि नांगर यांच्या तंट्यांत तिसराच कोणी येऊन खांब रोवतो, आणि जमीन 'पडीक' होती असें कागदावर लिहिलें जातें, हें पाहून मनांत कांहीं विचार आल्याविना राहात नाहींत.

आतां ज्या गांवांनीं सामाईक वस्तु राखून दाखविली त्यांच्याकडे पाहूं. अहिल्यानगर जिल्ह्यांतील हिवरे बाजार सर्वांच्या परिचयाचें आहे. १९८९ सालीं पोपटराव पवार सरपंच झाले, आणि त्या दुष्काळी गांवानें कुऱ्हाडबंदी, चराईबंदी, नशाबंदी, कुटुंबनियोजन आणि श्रमदान हे नियम अंगीकारले. शेतीसाठीं विंधनविहीर घ्यावयाची नाहीं, ऊंस लावावयाचा नाहीं, दरवर्षीं पाऊस व विहिरींची पातळी मोजून ग्रामसभेंत पाण्याचा ताळेबंद मांडावयाचा आणि मग पीक ठरवावयाचें. पाऊस कमी तर रब्बी कमी. माळावर गवत वाढलें, तें कापून न्यावें, पण गुरें सोडूं नयेत. गांवाचें दूध वाढलें, बाहेर गेलेलीं कुटुंबें परत आलीं. हें सर्व प्रसिद्ध आहे, आणि त्याची कीर्ति रास्त आहे.

आम्हांस लक्ष वेधावयाचें आहे तें त्यांतील एका शब्दाकडे : चराईबंदी. नियमाच्या शब्दांत सर्व समान आहेत; कोणाचेंहि जनावर माळावर सोडावयाचें नाहीं. परंतु ज्याच्या शेतांत बांधावर गवत उगवतें आणि गोठ्यांत संकरित गाय आहे त्याच्यावर या नियमाचा भार किती, आणि जिच्यापाशीं चार शेळ्यांखेरीज कांहींच नाहीं तिच्यावर किती ? ऊंसबंदीचें याच्या उलट आहे. तिचा भार ज्याला विहीर आहे त्याच्यावर पडतो, शेळीवालीवर मुळींच पडत नाहीं. म्हणजे सामाईक वस्तु राखणें याचा अर्थ निरनिराळ्या माणसांनीं निरनिराळ्या गोष्टींचा त्याग करणें असा आहे. चराईबंदी करून ऊंसबंदी न करणारें गांव कल्पून पाहावें. त्याची टेंकडी हिरवी दिसेल, त्याला पारितोषिकें मिळतील, पाहावयास शाळांच्या सहली येतील, आणि टेंकडीवर जिरलेलें पाणी दहा विहीरवाल्यांच्या उंसाला जाईल. शेळीवालीच्या त्यागावर उंसाचें पीक ! हिवरे बाजारानें दोन्ही बंद्या एकत्र घातल्या, यांतच त्याचें मोठेपण आहे. झाडें लावणें त्या मानानें सोपें होतें. आणि ज्या गांवांनीं त्याचें अनुकरण केलें म्हणून सांगितलें त्यांना हाच एक प्रश्न विचारावा : तुम्ही बंदी कोणावर घातली ?

ज्याच्यावर नियमाचा भार सर्वांत अधिक पडणार त्याचा शब्द सभेंत सर्वांत आधीं ऐकला जावा, असें आमचें मत आहे. बहुमतानें हें साधत नाहीं. विहीरवाले शंभर आणि शेळीवाल्या दहा, तर मतदानाचा निकाल आधींच ठरलेला. गडचिरोली जिल्ह्यांतील मेंढा (लेखा) या गांवानें म्हणूनच बहुमत टाकून सर्वसहमतीचा मार्ग धरला. एकानें जरी 'मला पटत नाहीं' म्हटलें तरी निर्णय थांबतो, चर्चा पुढील सभेवर जाते. वनहक्क कायद्याखालीं २००९ सालीं सुमारे अठराशे हेक्टर वनावर सामूहिक हक्क मिळविणारें तें देशांतील पहिल्या गांवांपैकीं होय, आणि २०११ सालीं बांबू विकण्याचा परवाना त्याच्या ग्रामसभेच्या हातीं आला. अशा पद्धतीनें कांहीं चालणार नाहीं, एक हेकेखोर मनुष्य सर्व गांवास वेठीस धरील, असा आक्षेप येईल. त्यांत तथ्य आहे. मेंढा लहान आहे, आणि तेथील वस्ती बहुतेक एकाच गोंड समाजाची आहे. अनेक जातींच्या मोठ्या गांवांत हें इतक्या सहज जमणार नाहीं. परंतु बहुमतानें झपाट्यानें केलेला आणि रात्रीं कुऱ्हाडीनें मोडलेला नियम, व सहा महिने खपून सर्वांच्या तोंडून वदवून घेतलेला आणि राखणदाराविना चालणारा नियम, यांपैकीं अधिक वेळ कोणता खातो याचा हिशेब एकदां मांडून पाहावा.

आमच्या मतें या सर्वांत अधिक धाडसी विचार मात्र पुरंदर तालुक्यांत झाला. १९७२ च्या दुष्काळानंतर विलासराव साळुंखे यांनीं नायगांव येथें पाणी पंचायत उभी केली. तिचे नियम थोडेच. पाणी जमिनीच्या एकरांवर द्यावयाचें नाहीं, घरांतील माणसांवर द्यावयाचें. माणशीं अर्धा एकर भिजेल एवढें, आणि एका कुटुंबास अडीच एकरांहून अधिक नाहीं. उंसास पाणी नाहीं. जमीन विकली तरी पाण्याचा हक्क तिच्याबरोबर विकला जात नाहीं. आणि ज्याला जमीनच नाहीं त्यालाहि पाण्यांत वांटा. या शेवटच्या नियमाला कोणी हंसेल. जमीन नाहीं तर पाणी कशावर घालणार? परंतु भूमिहीनाच्या हातीं पाणी आलें म्हणजे कोरडी जमीन असलेला त्याच्याकडे वांट्यानें कसण्याची बोलणी घेऊन येतो. आजवर नेमकें याच्या उलट घडत आलें होतें. जमिनीची वांटणी पूर्वजांच्या वतनांनीं, खरेदीनें, सावकारीनें होऊन गेली; ती उलटविणें कठीण. पाऊस मात्र दरवर्षीं नवा पडतो. त्याची वांटणी दरवर्षीं नव्यानें, न्यायानें करतां येईल, अशी ही कल्पना होती. ती महाराष्ट्रभर पसरली नाहीं. कां पसरली नाहीं हें ज्याला समजून घ्यावयाचें असेल त्यानें सोलापूर जिल्ह्याकडे पाहावें. वर्षाकांठीं वीस-बावीस इंच पाऊस. १९८० सालीं पुरें झालेलें उजनी धरण. आणि कालव्यांवर, विहिरींवर दूरवर पसरलेला ऊंस. पाणी माणशीं वांटावें असें म्हणणारा येथें कारखान्याच्या आवारांत फार वेळ उभा राहूं शकणार नाहीं.

खेड्यांतल्या लोकांना एवढा उपदेश केल्यावर जुळे सोलापुराकडे परत येणें प्राप्तच आहे. आपल्याकडे गायरान नाहीं, शेळी नाहीं, ऊंस नाहीं. मग आपलें सामाईक तें काय? शहराचें सर्वांत जुनें उत्तर सिद्धेश्वराच्या तळ्यांत आहे. बाराव्या शतकांत सिद्धरामांनीं लोकांच्या श्रमांनीं तें खोदविलें असें परंपरा सांगते, आणि तपापेक्षां तळें खोदणें कमी पुण्याचें नाहीं असें मानणारा तो योगी होता. पण आजचें उत्तर आपल्या पायांखालीं आहे. अनेक वर्षें या शहराला तीन-चार दिवसांआड नळाचें पाणी घेण्याची संवय झाली, आणि ज्याला ज्याला परवडलें त्यानें आपल्या अंगणांत विंधनविहीर घेतली. कायद्याचा आधार भक्कम आहे : १८८२ च्या सुविधाधिकार कायद्यापासून आपण धरून चाललों आहों कीं, ज्याची जमीन त्याचें तिच्याखालचें पाणी. महाराष्ट्राच्या २००९ च्या भूजल कायद्यानें शेती व कारखाने यांच्यासाठीं साठ मीटरांहून खोल विहिरींवर निर्बंध घातला, परंतु अंगणांतला विचार अजून १८८२ चाच आहे. पाण्याला मात्र भूखंडाचे क्रमांक वाचतां येत नाहींत. माझ्या दोनशें फुटांत जें येतें तें शेजाऱ्याच्या तीनशें फुटांत जातें, आणि पलीकडच्या झोपडपट्टींतला हातपंप, ज्याला कोणी खोल करीत नाहीं, तो एप्रिलांत हवा ओढूं लागतो. हार्डिनच्या कुरणावर गाय सोडणाऱ्या गुराख्यांत आणि आपल्यांत भेद शोधूं गेल्यास एवढाच सांपडतो कीं, त्यांचें कुरण उघड्यावर होतें.

हिवरे बाजारांत विंधनविहीर घेण्यापूर्वीं ग्रामसभा आड येते. शेळीवालीलाहि तेथें बोलतां येतें. आपल्याकडे कोणास विचारावयाचें ? यंत्राची गाडी बहुधा सायंकाळीं येते, रात्रभर गल्लींत कर्कश आवाज चालतो, आणि सकाळीं शेजारच्या घरांच्या खिडक्यांवर, तुळशीवर, दोरीवरच्या कपड्यांवर पांढुरक्या दगडाची बारीक भुकटी बसलेली असते. शेजारी तक्रार करतात, ती भुकटीची.